इंग्रजी यावीशी वाटते, पण येईल असं वाटत नाही

मराठी माध्यमाच्या आठवी-नववीच्या वर्गात इंग्रजीचा तास सुरू झाला की मागचे दोन-तीन बाक गप्प होतात. शिक्षक म्हणतात, “यांना आवडच नाही.” घरचे म्हणतात, “पुस्तक उघडतच नाही.” पण त्याच मुलाला बाजूला घेऊन विचारा, इंग्रजी यायला हवी का? तो लगेच हो म्हणेल. कारणंही सांगेल: अकरावी सायन्स, नोकरी, मुलाखत, पुण्या-मुंबईतलं कॉलेज. इच्छा तर आहे. मग दोन वर्षं तो तासाला तोंड का उघडत नाही?

आपण ‘प्रेरणा’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो, तिथे घोटाळा होतो. एक गोष्ट म्हणजे ‘मला हे हवं आहे’. दुसरी म्हणजे ‘मला हे जमेल’. मानसशास्त्रातल्या अपेक्षा-मूल्य सिद्धांतानुसार या दोहोंचं नातं बेरजेपेक्षा गुणाकारासारखं आहे. हवंसं वाटणं दहापैकी नऊ असलं आणि जमेलसं वाटणं शून्य असलं, तर हाती शून्यच येतं. इंग्रजीचं महत्त्व सांगणारी भाषणं पहिला आकडा नवावरून साडेनवावर नेतात. दुसऱ्या आकड्याला कुणी हात लावत नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांमध्ये दुखणं या दुसऱ्या आकड्यातच आहे आणि तो वाढवण्याचे ठरावीक मार्ग आहेत.

मॉन्ट्रियल ते मुंबई

या विषयाचा अभ्यास सुरू झाला कॅनडात. रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी 1959 मध्ये मॉन्ट्रियलमधल्या अकरावीच्या इंग्रजीभाषक विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही मुलं शाळेत फ्रेंच शिकत होती आणि फ्रेंच बोलणारी माणसं त्याच शहरात राहत होती. ज्यांना त्या माणसांत मिसळावंसं वाटत होतं, त्यांची प्रगती अधिक चांगली दिसली. फक्त उपयोगासाठी शिकणारे मागे होते. पहिल्या ओढीला मिसळण्याची म्हणजे एकात्म प्रेरणा आणि दुसरीला साधनात्मक प्रेरणा अशी नावं पडली. भाषा शिकायची तर त्या भाषेच्या माणसांवर जीव हवा, हा समज पुढे बराच काळ टिकला.

त्याला धक्का देणारा एक महत्त्वाचा अभ्यास मुंबईतला आहे, तोही मराठी मुलींवरचा. यास्मिन लुकमानी यांनी 1972 मध्ये मराठी बोलणाऱ्या 60 शाळकरी मुलींचा अभ्यास मांडला. घरात इंग्रजी वातावरण नाही, पाश्चात्त्य राहणी नाही, अशा या मुली. त्यांच्या इंग्रजीच्या चाचणीतल्या गुणांचा मेळ इंग्रजी बोलणाऱ्यांसारखं होण्याच्या ओढीशी बसला नाही. तो बसला साधनात्मक प्रेरणेशी. या मुलींना आपलं मराठीपण सोडायचं नव्हतं. इंग्रजी हवी होती ती पुढे जाण्यासाठी.

हा निष्कर्ष आजही शिक्षकांनी ध्यानात ठेवावा असा आहे. ‘घरात इंग्रजी वातावरण नाही’ ही तक्रार कारण म्हणून पुरेशी नाही, हे त्यातून कळतं. शिवाय इंग्रजी शिकवताना मुलाच्या मराठीला कमी लेखण्याची गरज तर नाहीच, उलट ते नुकसानीचं आहे. ‘गावंढळ उच्चार’ असं एकदा सगळ्यांदेखत म्हटलं की मूल इंग्रजी आणि आपली माणसं यांतून एक निवडतं. बहुतेक मुलं आपली माणसं निवडतात आणि इंग्रजीच्या तासाला गप्प बसतात.

पुढे हंगेरीचे झोल्टान डोर्नेई यांनी 2005 मध्ये सगळ्या चर्चेची नवी मांडणी केली. त्यांच्या मते तीन गोष्टी मुलाला पुढे ढकलतात. पहिली, भविष्यात मला जसं व्हायचंय तो ‘मी’, जो ती भाषा सहज बोलतोय. दुसरी, इतरांच्या अपेक्षेप्रमाणे मी जसा असायला हवा तो ‘मी’. तिसरी, रोजच्या वर्गात प्रत्यक्ष काय अनुभव येतो. दहावीच्या वर्षी आपण सगळा भार या दुसऱ्या ‘मी’वर टाकतो: बोर्ड आहे, लोक काय म्हणतील, काकांची मुलगी बघ. हा भार परीक्षेपुरतं ओढून नेतो, पण त्यासोबत चुकण्याची भीतीही येते. तिसरी गोष्ट, म्हणजे आजचा तास कसा गेला, ही शिक्षकाच्या हातात सर्वांत जास्त आहे आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं.

‘जमणार नाही’ हे मुलाला कधी पटतं?

महाराष्ट्रात 2000 पासून सगळ्या माध्यमांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आठवीतल्या मुलाच्या मागे सात वर्षांचं इंग्रजी असतं. तरीही ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत 2023 मध्ये, 26 राज्यांतल्या 28 ग्रामीण जिल्ह्यांमधल्या 14 ते 18 वयाच्या मुलांपैकी 57.3 टक्क्यांनाच साधी इंग्रजी वाक्यं वाचता आली. वाचता आली त्यांच्यातल्या सुमारे एकचतुर्थांश मुलांना त्यांचा अर्थ सांगता आला नाही. आठवीच्या पाठ्यपुस्तकातला दोन पानी धडा अशा मुलासमोर ठेवला तर ते काय करणार?

ते वहीत आणि पुस्तकात प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर देवनागरीत उच्चार लिहून घेतं. ही खूण दिसली की समजावं, अडचण वाचनात आहे, आवडीत नाही. देवनागरीत जसं लिहिलं तसं वाचायचं असतं. तिथे मूल लवकर तरबेज होतं. इंग्रजीत 26 अक्षरं आणि सुमारे 44 ध्वनी, त्यामुळे एकच अक्षर चार ठिकाणी चार तऱ्हेने वाजतं. हा नियम कुणी उलगडून सांगितला नाही तर मुलाला वाटतं, इंग्रजी म्हणजे पाठ करायची गोष्ट. डोक्यावर लिहिलेली देवनागरी त्याला त्या दिवसापुरतं तारून नेते, पण नजर अक्षरांवर पडतच नाही. म्हणून वर्षभर ‘वाचूनही’ वाचन येत नाही.

उपाय देवनागरीवर बंदी हा नाही. रोज तासाची पहिली सात मिनिटं ध्वनींच्या कुटुंबांना, म्हणजे एकाच नियमाने वाचता येणाऱ्या शब्दांच्या गटांना द्यावीत, सहा आठवडे. आठवीतल्या मुलांना ‘बालवर्गाचं शिकवतात’ असं वाटू नये म्हणून ते नियम शोधण्याच्या कोड्यासारखं मांडावं. एम-ए-डी म्हणजे मॅड, शेवटी ई लावला की मेड. एच-ओ-पी हॉप, ई लावला की होप. असे दहा शब्द फळ्यावर लिहून ‘ई काय करतो?’ विचारलं की मुलं स्वतःच सांगतात: स्वतः गप्प राहतो आणि आधीच्या स्वराला त्याचं नाव म्हणायला लावतो. तसंच ‘सी’चं. पुढे ई, आय किंवा वाय आलं तर स, एरवी बहुधा क. ‘जी’ला मात्र हा नियम नीट लागू होत नाही, गेट आणि गिव्ह हे शब्द तो मोडतात, हे आधीच सांगावं. अपवाद लपवला आणि तो मुलाला पुढे भेटला, तर त्याचा नियमावरचाच विश्वास उडतो. नियमात न बसणारे वारंवार येणारे शब्द, जसे वन, सेड, दे, वॉज, हे वेगळ्या तक्त्यावर लावून नजरेने ओळखायला शिकवावेत.

सेमी इंग्रजीच्या वर्गातही हीच दरी असते, फक्त ती झाकलेली असते. फोटोसिंथेसिस, डिनॉमिनेटर हे शब्द सहज येतात, पण ‘मला हे समजलं नाही’ हे वाक्य इंग्रजीत येत नाही. पारिभाषिक शब्दांमुळे मुलाचं इंग्रजी चांगलं आहे असा भास होतो.

आधी मोजायचं, मग शिकवायचं

सहावीच्या इंग्रजी पुस्तकातला, मुलांनी न वाचलेला 100 शब्दांचा उतारा घ्या. प्रत्येक मुलाला एकट्याने, इतरांना ऐकू जाणार नाही अशा जागी, एक मिनिट वाचायला सांगा. किती शब्द बरोबर वाचले ते लिहा. मग पूर्ण उताऱ्यातल्या अर्थ माहीत नसलेल्या शब्दांखाली त्याला रेघ मारायला सांगा. साठ मुलांच्या वर्गाला रोज दहा मुलं घेतली तर सहा दिवस लागतात.

शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या मते मदतीशिवाय, समजून वाचायचं तर शंभरातले 98 शब्द ओळखीचे हवेत. रेघा दोनपर्यंत असतील तर हा उतारा मुलाला एकट्याने वाचायला योग्य. तीन ते पाच असतील तर शिक्षकासोबत. दहाच्या वर गेल्या तर एक-दोन इयत्ता खालचं पुस्तक द्या आणि न लाजता द्या. पाठ्यपुस्तकाचा धडा सोडता येत नाही हे खरं. पण रोजची दहा मिनिटं जमेल अशा पातळीचं वाचन झालं नाही, तर धडा मराठीत भाषांतर करून सांगणं आणि उत्तरं लिहून देणं याखेरीज काही उरत नाही. त्यातून पेपर सुटतो. ‘मी इंग्रजी वाचलं’ असा अनुभव मात्र मुलाला एकदाही येत नाही.

त्याच आठवड्यात बिननावाची चिठ्ठीही घ्यावी, मराठीत, तीन प्रश्नांची. इंग्रजी मला कशासाठी हवी? ती मला येईल असं वाटतं का: हो, नाही, माहीत नाही? तासाला बोलायची सर्वांत जास्त भीती कशाची वाटते? पहिल्याची उत्तरं भरभरून आणि दुसऱ्याची ‘नाही’ अशी असतील, तर महत्त्व पटवून देणारं भाषण या वर्गाला नको आहे, हे समजावं.

भीती

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी एकच असतं: हसतील. इलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये भाषेच्या वर्गातली भीती मोजण्यासाठी 33 विधानांची मोजपट्टी तयार केली. बोलण्याची धास्ती, परीक्षेची धास्ती आणि लोक नावं ठेवतील ही धास्ती, असा या भीतीचा उलगडा त्यांनी केला. तेरा-चौदाव्या वर्षी तिसरी धास्ती सगळ्यांत टोकाची असते. पाचवीतलं मूल चुकून हसतं आणि पुढे जातं. नववीतली मुलगी एकदा चुकीच्या उच्चारावर वर्ग हसला की वर्षभर हात वर करत नाही. गणितात चुकलं तर उत्तर चुकतं. भाषेत चुकलं तर आपला आवाज, आपलं बोलणं चुकल्यासारखं वाटतं.

म्हणून बोलण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी एक मिनिट मनात किंवा कागदावर, मग शेजारच्याशी, मग चौघांत, आणि सगळ्यांत शेवटी, तयार असेल त्यानेच, वर्गासमोर. आपल्याकडे नेमकं उलटं होतं: “ऊठ, तू सांग.”

‘साठ मुलांत कसं जमेल?’ हा प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशेब करून पाहू. तास 35 मिनिटांचा. शिक्षकाचं बोलणं 20 मिनिटं. उरलेली 15 मिनिटं एकेका मुलाला उठवून बोलतं केलं तर प्रत्येकाच्या वाट्याला 15 सेकंद येतात. त्याऐवजी फक्त सहा मिनिटं जोड्या लावल्या तर प्रत्येक मूल तीन मिनिटं बोलतं, म्हणजे बारापट. गोंगाट होतो. बाजूच्या वर्गातून तक्रार येऊ शकते. त्यावर सोपा तोडगा म्हणजे वेळ कमी ठेवणं, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, आणि टाळी वाजली की थांबायचं.

जोडीत ‘काहीही बोला’ म्हटलं की मुलं मराठीत गप्पा मारतात, कारण बोलायला हातात काही नसतं. वाक्याचा साचा फळ्यावर हवा: ‘आय लाइक… बिकॉज…’, ‘यस्टर्डे आय वेन्ट टू… अँड सॉ…’. एका दिवशी एकच साचा. साचा वापरणं म्हणजे पोपटपंची, असा आक्षेप येतो. पण रिकामी जागा मूल स्वतःच्या आयुष्यातून भरत असेल, म्हणजे शेत, जत्रा, कबड्डी, मोबाइल यांतून, तर ते बोलणं त्याचंच असतं.

प्रश्न विचारल्यावर थांबायलाही हवं. अमेरिकेत मेरी बड रो यांनी वर्गांची निरीक्षणं केली तेव्हा शिक्षक उत्तरासाठी साधारण एक सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांब आली आणि गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. दुसऱ्या भाषेत उत्तर जुळवायचं असेल तर तीनही कमीच. मनात पाच आकडे मोजावेत.

चुका दुरुस्त करताना

मराठी मुलांच्या इंग्रजीतल्या चुकांना तर्क असतो. ‘आय ॲम गो टू स्कूल’ ही चूक वर्तमानकाळ न आल्यामुळे होतेच असं नाही. ‘मी आहे’चं ‘आय ॲम’ पहिल्या वर्षी पक्कं झालेलं असतं आणि मूल प्रत्येक वाक्याची सुरुवात त्यानेच करतं. ‘यू व्हॉट वॉन्ट?’ हे ‘तुला काय पाहिजे?’चं शब्दशः रूप आहे. मराठीत प्रश्न करायला ‘डू’सारखं काही लागत नाही. ‘ए’ आणि ‘द’ गळतात, कारण मराठीत ते नाहीतच. शब्दयोगी अव्यय मराठीत नामानंतर येतं, इंग्रजीत आधी.

हे मुलांना असंच, मराठीशी तुलना करून सांगावं. “तुझं डोकं मराठीच्या नियमाने बरोबर चालतंय, इथे नियम वेगळा आहे” हे वाक्य मुलाचा ‘मी ढ आहे’ हा ग्रह मोडतं. अपयशाचं कारण आपल्या बुद्धीत आहे असं वाटलं की प्रयत्न थांबतात. पद्धतीत आहे असं दिसलं की पद्धत बदलता येते.

वहीत सगळ्याच चुकांवर लाल शाई फिरवू नका. आठवड्याला एकच प्रकार निवडा, उदाहरणार्थ भूतकाळाची क्रियापदं, तो आधी जाहीर करा आणि त्या आठवड्यात फक्त तोच तपासा. बोलताना मध्येच थांबवू नका, मुलगी ‘आय गो यस्टर्डे’ म्हणाली तर “ओह, यू वेन्ट यस्टर्डे! व्हेअर?” असं म्हणून पुढे चला. मात्र हा आडवाटेचा इशारा बऱ्याच मुलांच्या लक्षातच येत नाही, हेही खरं. म्हणून तासाच्या शेवटी ऐकलेल्या तीन चुका, कुणाच्या ते न सांगता, फळ्यावर लिहून वर्गाकडून दुरुस्त करून घ्याव्यात.

घरी काय, किती

‘यंदा इंग्रजी सुधारायची’ हे ध्येय अपयशी ठरतं, कारण ते पूर्ण झालं की नाही हे कधी कळतच नाही. ‘शुक्रवारपर्यंत माझ्या गावाबद्दल आठ वाक्यं न बघता सांगायची’ हे ध्येय शुक्रवारी तपासता येतं. वेळ घड्याळाला बांधण्याऐवजी एखाद्या कामाला बांधावी: रात्रीचं जेवण झालं, ताट उचललं, की दहा मिनिटं. ‘आठ वाजता’ हे वीज गेली, पाहुणे आले की मोडतं; जेवण रोज होतंच.

शब्द रोज पाच, आठवड्याचे पाच दिवस. जुन्या वहीच्या पानाचे तुकडे करून एका बाजूला इंग्रजी शब्द आणि एक छोटं वाक्य, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ. उजळणी पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी. यात हमखास होणारी चूक म्हणजे दोन्ही बाजू पाहत घोकणं. तेव्हा सगळं येतंय असं वाटतं आणि परीक्षेत आठवत नाही. मराठी बाजू पाहून इंग्रजी शब्द आठवायचा, अडलं तर दहा सेकंद थांबायचं, मगच उलटून पाहायचं. ते अडणंच शब्द पक्का करतं.

इंग्रजी न येणाऱ्या आई-वडिलांना वाटतं, आपण काय मदत करणार? बरंच काही. मूल वाचत असताना दहा मिनिटं शेजारी बसून ऐकायचं आणि शेवटी विचारायचं, “यात काय सांगितलंय, मला मराठीत सांग.” अर्थ कळला की नाही हे त्यातून लगेच दिसतं. मराठीत सार सांगण्याची जी सवय लागते तीच इंग्रजी उतारा समजायला कामी येते. एका भाषेत कमावलेलं वाचनकौशल्य दुसरीत उतरतं, हे जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये मांडलं.

बक्षिसाबद्दल मात्र सावध राहावं. 1973 च्या एका प्रसिद्ध प्रयोगात लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या लहान मुलांना आधी कबूल करून प्रमाणपत्र दिलं. नंतर मोकळ्या वेळेत ती मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रं काढत बसली. म्हणून मूल आपण होऊन गोष्ट वाचत असेल, गाणी ऐकत असेल, तर त्यावर पैशाचं आमिष लावू नका. स्पेलिंगसारख्या कंटाळवाण्या कामासाठी लहानसं बक्षीस चालतं. तिथे बिघडवण्याइतकी आवड मुळातच नसते.

इंग्रजी दुसरी तरी कुठे आहे?

मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या किंवा नंदुरबारमधल्या भिली, पावरी बोलणाऱ्या मुलासाठी दुसरी भाषा मराठी आहे, हिंदी तिसरी, इंग्रजी चौथी. त्याच्या वर्गात इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ सांगून पुढे जाणं म्हणजे एका अनोळखी भाषेचा अर्थ दुसऱ्या अर्धवट ओळखीच्या भाषेत सांगणं. तिथे चित्र, वस्तू, कृती आणि मुलांच्या बोलीतला शब्द, हे सगळं वापरावंच लागतं.

मुंबईतल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चित्र उलटं दिसतं. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. परप्रांतीय घरातल्या मुलाला मराठी ‘जमणार नाही’ असं सहसा वाटत नाही. लिपी हिंदीचीच आहे. त्याच्याकडे कमतरता पहिल्या आकड्याची असते: कशासाठी? सक्तीने फक्त ‘इतरांच्या अपेक्षेतला मी’ तयार होतो. त्या मुलाला व्याकरणाचा तक्ता नको, मराठी बोलणारी माणसं हवीत. रिक्षावाले काका, भाजीवाल्या मावशी, क्रिकेटच्या मैदानावरचे मित्र यांच्याशी आठवड्यातून एक ठरलेलं बोलणं, आणि ते वर्गात येऊन सांगणं. गार्डनर आणि लॅम्बर्ट यांचं मॉन्ट्रियल इथे लागू पडतं, कारण इथेही ती भाषा बोलणारी माणसं त्याच शहरात आहेत.

मराठी माध्यमाच्या वर्गात सहा आठवडे झाले की पहिल्या दिवशीचाच 100 शब्दांचा उतारा पुन्हा काढा, आणि सोबत तेवढ्याच अवघडपणाचा एक नवा उतारा घ्या. फक्त जुना घेतला तर तो पाठ झाल्याचा संशय राहतो. पुन्हा एक मिनिट, पुन्हा एकांतात. दोन्ही वेळचे आकडे एका चिठ्ठीवर लिहून ती त्याच मुलाच्या हातात द्या, वर्गात वाचून दाखवू नका. एखाद्या मुलाचा आकडा हलला नसेल तर त्याची शब्दांची पानं मागवून पाहा. एकविसाव्या दिवसाची उजळणी झालीच नाही, हे बहुधा तिथे दिसेल. तिसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरुवात करून द्या.